वैद्याचा आचार आणि वैद्यकाचा उपदेश : नाशिक परिसराच्या संदर्भात तंबाखूमुक्तीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात रोग, औषधे आणि रुग्ण यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. परंतु उपचार करणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. तंबाखू हा विषय याला अपवाद आहे. विसाव्या शतकात तंबाखूचे दुष्परिणाम प्रथम निर्विवादपणे सिद्ध झाले ते डॉक्टरांच्याच आयुष्याच्या नोंदींवरून, आणि तंबाखू मोठ्या प्रमाणावर सोडणारा पहिला सुशिक्षित वर्गही डॉक्टरांचाच होता. त्यामुळे 'स्वतः धूम्रपान न करणारा डॉक्टर हाच रुग्णाचा उत्तम मार्गदर्शक' हे सूत्र जगभर रूढ झाले.

हे सूत्र भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, कितपत लागू पडते याचा विचार करण्यासाठी नाशिक जिल्हा हे उचित क्षेत्र आहे. या जिल्ह्यातील सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र होय. आणि ज्या विद्यापीठाच्या अखत्यारीत राज्यातील डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य व परिचारिका शिक्षण घेतात, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिक येथेच आहे. तंबाखूवर जगणारे आणि तंबाखूपासून सोडवणारे असे दोन्ही वर्ग येथे एकाच जिल्ह्यात वावरतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : वैद्यकवर्गाच्या तंबाखूविषयक भूमिकेतील ऐतिहासिक स्थित्यंतरे पाहणे, पाश्चात्त्य देशांतील डॉक्टरांच्या उदाहरणाची आणि महाराष्ट्रातील परिस्थितीची तुलना करणे, आणि या तुलनेतून वैद्यकीय शिक्षणासाठी काय निष्पन्न होते हे मांडणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साहित्य व सर्वेक्षणे यांचा आधार घेतला आहे.

धूमपानापासून तंबाखूपर्यंत

भारतीय वैद्यकात धूर ओढण्याची क्रिया तंबाखूहून कितीतरी प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचा भाग म्हणून धूमपानाचा विधी सांगितला आहे. सुगंधी व औषधी द्रव्यांची वर्ती तयार करून तिचा धूर ठरावीक वेळी व ठरावीक मर्यादेत घ्यावा, असे हे विधान आहे. धूमपान कोणी करू नये आणि अतिरेक झाल्यास कोणते विकार होतात, याचेही विवेचन तेथे आढळते. म्हणजे 'धूमपान' ही मुळात वैद्याने नियंत्रित केलेली क्रिया होती. तिच्यात तंबाखूचा संबंध असणे शक्यच नव्हते, कारण ही वनस्पती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली.

तंबाखूविषयी वैद्यकवर्गाने घेतलेल्या आक्षेपाची एक आरंभीची नोंद दख्खनशी जोडलेली आहे. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू व रत्नजडित हुक्का आणून इ. स. १६०४-०५ च्या सुमारास बादशहासमोर ठेवला. त्याच्या वृत्तांतानुसार बादशहाच्या हकिमाने या वस्तूच्या सेवनास विरोध केला. हे द्रव्य अपरिचित आहे, आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही, तेव्हा त्याची शिफारस कशी करावी, असा हकिमाचा युक्तिवाद होता. असद बेगने त्यावर युरोपीय लोकांच्या अनुभवाचा दाखला दिला. अकबराने थोडा धूर घेतला, पुढे मात्र ती सवय लावून घेतली नाही; दरबारातील उमरावांनी ती उत्साहाने उचलली. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला, पण तिचा प्रसार थांबला नाही. या प्रसंगातील हकिमाची भूमिका लक्षणीय आहे. अपायाचा पुरावा त्याच्याजवळ नव्हता. अपरिचित द्रव्य तपासल्याशिवाय देऊ नये, एवढाच वैद्यकीय विवेक त्याने दाखविला होता.

पुढे तंबाखू इतकी रुळली की वैद्यकग्रंथांनीही तिची दखल घेतली. सतराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणाऱ्या 'योगरत्नाकर' या ग्रंथात 'तमाखु' या नावाने तिच्या गुणदोषांचे वर्णन येते. समाजजीवनात तर तंबाखूने अनेक रूपे धारण केली. चिलीम, तपकीर, चुन्यासह मळलेली तंबाखू, विड्याच्या पानातील तंबाखू आणि भाजलेल्या तंबाखूची मशेरी ही रूपे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. पानसुपारीच्या तबकाबरोबर आणि कमरेच्या चंचीबरोबर तंबाखू आतिथ्याचा भाग बनली. ज्या वस्तूने पाहुण्याचे स्वागत होते, तिला व्यसन म्हणणे समाजाला जड जाते. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

डॉक्टर हाच अभ्यासाचा विषय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य डॉक्टरांमध्ये सिगारेट सर्रास प्रचलित होती. १९४६ मध्ये अमेरिकेतील 'कॅमल' सिगारेटच्या जाहिरात मोहिमेत, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर ही सिगारेट अधिक ओढतात, असा दावा करण्यात आला होता. डॉक्टरांच्या प्रतिष्ठेचा सिगारेटच्या विक्रीसाठी असा उघड उपयोग होत होता आणि वैद्यक व्यवसायाला त्यात फारसे वावगे वाटत नव्हते.

या परिस्थितीला कलाटणी मिळाली ती ब्रिटनमध्ये. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये रुग्णालयांतील रुग्णांच्या अभ्यासावरून फुप्फुसाचा कर्करोग व धूम्रपान यांचा संबंध दाखविला. हे संशोधन चालू असतानाच डॉल यांनी स्वतः धूम्रपान सोडले. त्यानंतर १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधील सुमारे ५९,६०० डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाच्या सवयीविषयी प्रश्नावली पाठविली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी तिला उत्तर दिले. डॉक्टरांचीच निवड करण्यामागे व्यावहारिक कारण होते. त्यांची नावे वैद्यकीय नोंदवहीत असल्यामुळे पुढील अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेणे सोपे होते, आणि आपल्या सवयीविषयी ते नेमकी माहिती देतील अशी अपेक्षा होती.

१९५४ मध्ये पहिला अहवाल प्रसिद्ध झाला आणि पन्नास वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुर्मान न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षांनी कमी होते, असे त्यातून दिसले. वयाच्या साठाव्या वर्षी सिगारेट सोडल्यास सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळी १० वर्षे परत मिळतात, हा निष्कर्ष रुग्णाला सांगण्याच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. सोडण्यास कधीच उशीर झालेला नसतो, ही गोष्ट आता आकड्यांनी सांगता येऊ लागली. आणि हे आकडे डॉक्टरांच्याच जीवनमरणातून मिळाले होते.

१९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल लूथर टेरी यांनी धूम्रपानावरील अहवाल प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या सल्लागार समितीतील दहा सदस्यांपैकी निम्मे स्वतः धूम्रपान करणारे होते, तरीही समितीचा निष्कर्ष एकमुखी होता. त्यानंतरच्या काळात ब्रिटन व अमेरिकेतील डॉक्टरांचे धूम्रपान सर्वसामान्यांच्या तुलनेत झपाट्याने घटले. तेथे डॉक्टर आणि रुग्ण एकच वस्तू वापरीत होते, ती म्हणजे कारखान्यात तयार झालेली सिगारेट. म्हणून डॉक्टरने ती सोडणे हा रुग्णासाठी थेट धडा होता.

मुंबईचे संशोधन आणि सिगारेटपलीकडची तंबाखू

ब्रिटनमध्ये हे घडण्यापूर्वीच मुंबईत वेगळ्या दिशेने काम सुरू झाले होते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व चघळणे या दोन्हींचा तोंड व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. पाश्चात्त्य संशोधन फुप्फुसावर केंद्रित असताना मुंबईच्या संशोधकांसमोर मुख्यतः तोंडाचा, जिभेचा व घशाचा कर्करोग होता.

पुढे डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ग्रामीण भागाकडे मोर्चा वळविला. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करणारे त्यांचे सर्वेक्षण १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांत तंबाखू-चुना आणि स्त्रियांत मशेरी यांचे मोठे प्रमाण त्यातून पुढे आले. त्यानंतर एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत ३६ हजारांहून अधिक तंबाखू सेवन करणाऱ्यांवर शिक्षणात्मक प्रयोग झाला. घरोघरी तपासणी, समजावणी आणि पुनर्भेट यांमुळे लोक तंबाखू सोडतात आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्ट्यांचे प्रमाण घटते, असे या प्रयोगाने दाखवून दिले.

या संशोधनपरंपरेने एक गोष्ट स्पष्ट केली. ब्रिटिश डॉक्टरांवरील अभ्यासाचे निष्कर्ष भारतालाही लागू होते, पण त्या अभ्यासातील प्रश्न येथे अपुरे होते. सिगारेट ही मुख्यतः शहरी, सुशिक्षित व पगारदार वर्गाची वस्तू होती. कष्टकरी वर्गाजवळ विडी व मळलेली तंबाखू होती आणि ग्रामीण स्त्रियांजवळ मशेरी. 'आपण धूम्रपान करता का?' या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देणार. प्रश्न विचारला गेला, उत्तर खरे मिळाले, आणि तरीही रोगाचे कारण नोंदीबाहेरच राहिले, अशी ही स्थिती होती.

सिन्नरची विडी : उपजीविका आणि आरोग्य

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नाशिक-पुणे मार्गावरील सिन्नर आणि त्यालगतचा संगमनेर हा अवर्षणप्रवण पट्टा विडी उद्योगासाठी प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विडी हा संघटित व्यवसाय बनू लागला आणि १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात परदेशी सिगारेटला पर्याय म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली. शेतीला पाणी नसलेल्या भागात, विशेषतः स्त्रियांना, घरी बसून करता येईल असा हा रोजगार होता. मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कापणे, त्यांत तंबाखू भरून विड्या वळणे आणि हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मजुरी घेणे, या कामावर अनेक कुटुंबांची गुजराण झाली. नाशिकच्या शैक्षणिक जीवनातही या व्यवसायाची खूण दिसते. सिन्नरच्या विडी व्यवसायाशी निगडित असलेले भिकुसा यमासा क्षत्रिय हे नाव गोखले एज्युकेशन सोसायटीच्या वाणिज्य महाविद्यालयाला दिलेले आहे.

विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते, म्हणून ती सौम्य असते असा समज रूढ होता. वस्तुतः तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नसल्यामुळे विडी पेटती ठेवण्यासाठी अधिक वेळा व अधिक जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे शरीरात जाणारे प्रमाण सिगारेटहून कमी राहत नाही. विडी वळणारी व्यक्ती विडी ओढत नसली तरी तंबाखूची धूळ श्वासावाटे व त्वचेवाटे तिच्या शरीरात जाते.

कायद्याने मात्र विडीकडे दीर्घकाळ कामगारप्रश्न म्हणूनच पाहिले. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांवरील उपकरातून हा निधी उभा राहत असे आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाने चालविले जात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर हा उपकर रद्द झाला. चाळीस वर्षे मात्र अशी विसंगती होती की या दवाखान्यातील डॉक्टरचे वेतन विडीच्या खपातून येत होते आणि त्याच्यासमोरील रुग्णाच्या खोकल्याचे कारणही अनेकदा तीच विडी किंवा तिची धूळ होती. दुसरीकडे, १९७५ च्या सिगारेट कायद्याने वैधानिक इशारा सक्तीचा केला तो केवळ सिगारेटच्या पाकिटावर. विडीचे बंडल त्यातून सुटले. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने प्रथमच सर्व तंबाखूजन्य पदार्थांना एका छत्राखाली आणले, तर चित्रमय इशारे ३१ मे २००९ पासून लागू झाले.

या पार्श्वभूमीवर सिन्नरच्या डॉक्टरचा उपदेश लंडनच्या डॉक्टरच्या उपदेशाहून वेगळा होणे अपरिहार्य होते. 'विडी सोडा' हे वाक्य ज्या घरात विडी वळली जाते त्या घरात आरोग्याचा सल्ला म्हणून ऐकले जाईल की पोटावर आलेला घाला म्हणून, हा प्रश्न उरतो. ओढणाऱ्याचे व्यसन आणि वळणारीची मजुरी यांत फरक करून बोलण्याची जबाबदारी वैद्यकाला टाळता येत नाही. वळणारीला आधी मास्क, हवेशीर जागा, नियमित तपासणी आणि पर्यायी रोजगाराची माहिती हवी असते. निषेधाने तिचे काहीच साधत नाही.

सल्ल्याची परिणामकारकता

डॉक्टरच्या शब्दाला खरोखर किती वजन असते, याचे मापन १९७९ मध्ये मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी केले. लंडनमधील पाच सामूहिक दवाखान्यांतील २८ डॉक्टरांकडे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यापैकी वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. ज्यांना डॉक्टरने एकदोन मिनिटे सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा चौकशी केली जाईल असे सांगितले, त्यांच्यात ते ५.१ टक्के झाले. शेकड्यात पाच ही संख्या लहान वाटते. पण प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रुग्णाला असा सल्ला दिला तर तिचा एकूण परिणाम कोणत्याही खर्चिक उपचाराहून मोठा ठरतो, हा या अभ्यासाचा आशय होता. पुढे सल्ल्याची पाच पायऱ्यांची पद्धत रूढ झाली : विचारणे, सल्ला देणे, तयारी अजमावणे, साहाय्य करणे आणि पुनर्भेटीची व्यवस्था करणे.

भारतात २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आरोग्य व्यावसायिकांच्या संघटनांसाठी आचारसंहिता तयार झाली. सभासदांनी स्वतः तंबाखूमुक्त राहून आदर्श घालून द्यावा, हे तिचे पहिले कलम आहे. २००५ च्या जागतिक तंबाखूविरोधी दिनाचा विषयही आरोग्य व्यावसायिक हाच होता. २ ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयांसह सर्व सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले आणि डॉक्टरांच्या विश्रांतिकक्षातील सिगारेटही नियमबाह्य ठरली.

या प्रयत्नांचे फलित जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातून दिसते. भारतातील प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले; महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ टक्के झाले. महाराष्ट्रातील २०१६-१७ च्या आकड्यांची फोड अधिक बोलकी आहे : धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आता डॉक्टरांच्या सल्ल्याकडे पाहावे. आदल्या वर्षभरात आरोग्यसेवकाकडे गेलेल्या भारतातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांना सोडण्याचा सल्ला मिळाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी तो केवळ ३१.७ टक्के लोकांना मिळाला. ज्या रूपातील तंबाखू महाराष्ट्रात सर्वाधिक वापरली जाते, तिच्याविषयीच दवाखान्यात कमी बोलले जाते, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

या विषमतेची कारणे वरील इतिहासात सापडतात. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांनी तंबाखूचा प्रश्न सिगारेटच्या रूपात मांडला. सिगारेट न ओढणारा डॉक्टर स्वतःला तंबाखूमुक्त समजतो. जेवणानंतरचे तंबाखूचे पान किंवा सुपारीबरोबरची चिमूट त्याला व्यसन वाटतेच असे नाही. सिगारेटच्या धुराचा वास लपत नाही, गालातील तंबाखू मात्र लपून राहते. पाहुणचाराचा भाग असलेल्या वस्तूविषयी रुग्णाला हटकण्याचा संकोचही असतो. डॉक्टरच्या आचरणाचे माप सिगारेट हेच राहिल्यामुळे त्याच्या प्रश्नाचे मापही तेवढेच राहिले.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि वैद्यकीय शिक्षण

या टप्प्यावर नाशिकचे महत्त्व वेगळ्या अर्थाने पुढे येते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी व परिचर्या या शाखांची महाविद्यालये संलग्न झाली. मराठा विद्या प्रसारक समाजाचे आडगाव येथील वैद्यकीय महाविद्यालय त्यापूर्वीच, १९९० मध्ये, सुरू झाले होते. ग्रामीण महाराष्ट्रात पहिला सल्ला देणारा डॉक्टर बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो, आणि तोंडातील पांढरा चट्टा प्रथम पाहणारा दंतवैद्य असतो. दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे उभारण्याबाबत २०१८ मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या, हे या दृष्टीने योग्य पाऊल होते. सर्व शाखांना एकत्र आणणारे विद्यापीठ असल्यामुळे एकच प्रश्नावली सर्वांच्या हाती देणे येथे शक्य आहे : तंबाखू कोणत्याही रूपात घेता का, कोणत्या रूपात, दिवसातून किती वेळा, आणि तंबाखूचे काम करता का?

विद्यार्थिदशा याच कारणाने निर्णायक ठरते. वैद्यकीय विद्यार्थी वसतिगृहात, रात्रपाळीच्या ताणात आणि समवयस्कांच्या संगतीत तंबाखूशी जवळीक साधतो. पुढे तीच जवळीक रुग्णासमोर त्याची जीभ अडखळविते. स्वतः सोडण्याचा प्रयत्न करीत असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षेपेक्षा साहाय्य मिळणे हितावह आहे, कारण सोडण्याच्या अडचणींची त्याला आलेली जाणीव उद्या रुग्णाच्या उपयोगी पडू शकते. डॉल यांचे उदाहरण हेच सांगते. ते धूम्रपान करीत होते. पुरावा समोर येताच त्यांनी ते सोडले आणि मग इतरांना सांगितले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, तंबाखूविषयी वैद्यकवर्गाची भूमिका सतत बदलत आली आहे : चरकाच्या काळातील नियंत्रित धूमपान, अकबराच्या हकिमाचा सावध नकार, जाहिरातींतील डॉक्टर आणि अखेर स्वतःच्या आयुष्याचा पुरावा देणारा डॉक्टर. दुसरा असा की, डॉक्टरच्या स्वतःच्या आचरणाने रुग्णाला बळ मिळते हे ब्रिटनच्या अनुभवाने दाखविले. परंतु तो अनुभव डॉक्टर व रुग्ण एकच सिगारेट ओढीत असलेल्या समाजातील आहे. तिसरा, महाराष्ट्रात तंबाखूची मुख्य रूपे वेगळी असल्याने डॉक्टरने सिगारेट न ओढणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. चुन्याची डबी, मशेरी आणि विडी यांविषयी न संकोचता विचारणे हा त्याच्या आचाराचाच भाग मानला पाहिजे. चौथा, सिन्नरसारख्या ठिकाणी व्यसनमुक्तीचा सल्ला आणि उपजीविकेचा प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

नाशिक शहरातील विद्यापीठ आणि सुमारे तीस किलोमीटरवरील सिन्नर यांमधील अंतर रस्त्याने अल्प आहे. दवाखान्यातील नोंदवहीत ते अजून बरेच आहे. 'धूम्रपान : नाही' एवढीच नोंद करून जिची तपासणी संपते, त्या विडी वळणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या तोंडात डॉक्टरने एकदा उजेड धरून पाहावे, एवढ्या साध्या कृतीपासून हे अंतर कमी होण्यास प्रारंभ होऊ शकतो.